कचरा कोणाचा? पुण्याच्या कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांचं प्रकरण

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याच्या कोरेगाव पार्क भागात तीसेक कचरावेचक बायका ढकलगाड्या घेऊन दारोदार जाऊ लागल्या. घरच्यांनी सुका कचरा वेगळा ठेवायचा आणि बायकांनी तो दारातून न्यायचा, एवढीच ती व्यवस्था. एरवी कुंडीत उतरून, कुजलेल्या भाजीत कोपरापर्यंत हात घालून दिवसभरात जे हाती लागायचं ते आता थोड्या वेळात आणि कोरडं मिळू लागलं. कोरडा कागद भंगारवाला कमी भावात पाडून मागू शकत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. बस्तान जरा बसतंय तोच एका उद्योजकाची गाडी त्याच भागात दारातून कचरा न्यायला येऊ लागली. राहणाऱ्यांना त्यात काही गैर वाटलं नाही. वाटण्याचं कारणही नव्हतं, त्यांच्या घरातून कचरा जात होता. बायकांच्या मात्र पोटावर पाय आला होता.

पुढच्या तीस वर्षांत जे घडलं त्याची सगळी बीजं या गाडीत आहेत. दारात ठेवलेला कचरा कोणाचा? टाकणाऱ्याचा, महापालिकेचा, ठेकेदाराचा, की पिढ्यान्‌पिढ्या तो निवडून त्यावर जगणारीचा? असंघटित बायकांच्या रोजगाराबद्दल बोलताना आपण बहुधा मजुरी, बचत गट, प्रशिक्षण यांवर येतो. या प्रकरणाने मला दाखवलं की मजुरीच्या आधी मालावरचा हक्क येतो. ज्या मालावर जगायचं तोच दुसऱ्याच्या नावावर गेला, तर शिवणकामाचं कितीही प्रशिक्षण दिलं तरी त्याचा काही उपयोग नाही.

या बायका कोण, हे आधी सांगायला हवं. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांत नव्वद टक्क्यांच्या आसपास बायका. बहुतेक जणी मातंग किंवा नवबौद्ध समाजातल्या. कित्येक कुटुंबं बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून आली. गावाकडे शेत नाही, अक्षरओळख नाही. बांधकामावर गेलं तर मुकादमाची नजर, घरकाम मागायला गेलं तर आडून आडून जातीची चौकशी. कचऱ्याला मात्र भांडवल लागत नाही आणि कुणाची परवानगी लागत नाही. पहाटे निघायचं, दुपारी माल निवडायचा, संध्याकाळी भंगारवाल्याकडे वजन करून रोख पैसे घ्यायचे. मुलाला ताप आला तर त्या दिवशी जायचं नाही, मालकिणीची बोलणी खायला नकोत. काम घाणेरडं आहे हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती, पण त्यात कुणाची ताबेदारी नव्हती. बाहेरून पाहणाऱ्याला ही दुसरी गोष्ट दिसत नाही, म्हणून त्याच्या योजना ‘यांना या घाणीतून बाहेर काढा’ इथून सुरू होतात आणि तिथेच संपतात.

यांच्याच बरोबरीने डबाबाटलीवाल्या असत. डोक्यावर पाटी घेऊन, आरोळी देत, घरोघरची रद्दी आणि बाटल्या विकत घेणाऱ्या. त्या भांडवल गुंतवतात, म्हणून त्यांची पायरी वेचणाऱ्यांपेक्षा एक वर मानली जाई. हातगाडीवरून भंगार घेणारे पुरुष त्यांच्याही वर, मग भंगारवाला, मग मोठा व्यापारी, मग कारखाना. वर जावं तसतसे पुरुष वाढतात आणि नफाही वाढतो. कचऱ्याच्या धंद्याची ही उतरंड अशी आहे.

या बायकांशी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढशिक्षण विभागाचा संबंध आला तो मुलांमुळे. कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला म्हणून मंडळी वस्तीत गेली. मुलं शाळेत का जात नाहीत याचं उत्तर आयांच्या कमाईत होतं. मग पौर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण आणि त्यांचे सहकारी बायकांबरोबर पहाटे फेरीला जाऊ लागले, आणि घरातच कचरा वेगळा केला तर काय होईल हा प्रश्न तिथे सुचला. कोरेगाव पार्कातला प्रयोग त्यातूनच निघाला. साक्षरतेचा वर्ग घ्यायला गेलेल्यांनी आधी कुंड्या पाहिल्या, याला मी फार मोल देते. उलट्या क्रमाने गेलेल्या कितीतरी संस्था आपण पाहिल्या आहेत.

गाडीच्या विरोधात बायका रस्त्यावर आल्या, आणि तीसजणींचं हे दुखणं शहरातल्या सगळ्याच वेचणाऱ्यांचं आहे हे लवकरच ध्यानात आलं. मे 1993 मध्ये पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबा आढाव. आठशेहून अधिक वेचणारे आले आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन करायचं ठरलं. हमालांची पंचायत बाबांनी 1950 च्या दशकातच उभी केली होती, त्यामुळे ‘कष्टकरी पंचायत’ हा शब्द पुण्याला नवा नव्हता. नवं होतं ते बायकांनी स्वतःला ‘कष्टकरी’ म्हणवणं. लोक त्यांना भिकारी समजत, चोर समजत, फार तर समाजसेवेचा विषय समजत. कामगार कुणी समजत नव्हतं.

तुम्ही काय काम करता असं विचारलं तर सुरुवातीला पुष्कळजणी म्हणत, ‘काही नाही, कचरा गोळा करतो.’ त्या ‘काही नाही’पासून ओळखपत्रापर्यंतचा रस्ता तीन वर्षांचा होता. 1996 च्या सुमारास पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी पंचायतीच्या सभासदांच्या ओळखपत्रांवर आपला शिक्का दिला. कागदाच्या त्या तुकड्याचं मोल घरात बसून समजणार नाही. पहाटे चार वाजता पोतं घेऊन निघालेल्या बाईला पोलिसाने हटकलं, सोसायटीच्या रखवालदाराने तांब्याच्या तारेवरून चोर ठरवलं, तर पूर्वी तिच्याकडे सांगायला काही नव्हतं. आता पदराखालून काढून दाखवायला काही होतं. त्यावर तिचा फोटो, तिचं नाव, आणि महापालिकेची खूण. चोरीच्या आळाखाली चौकीत बसवून ठेवण्याचे प्रकार त्या कार्डाने कमी केले, आणि पुढचा प्रत्येक दावा त्याच कार्डावर उभा राहिला.

पुढची पायरी हिशेबाची होती, आणि या प्रकरणातला तो मला सगळ्यात बुद्धिमान टप्पा वाटतो. 2001 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी पुण्यातल्या वेचकांचा आणि भंगार व्यवसायाचा अभ्यास झाला. त्यातून दिसलं की कचरा गाडीत भरून डेपोवर जाण्याआधीच वेचक त्यातला रोज 144 टन माल बाजूला काढतात. तेवढा माल वाहून न्यावा लागत नसल्याने केवळ वाहतुकीत वर्षाला सुमारे 1.6 कोटी रुपये वाचत होते. माणशी हिशेब केला तर एकेक वेचक महिन्याला 246 रुपयांचं काम महापालिकेला फुकट करून देत होती. 246 रुपये म्हणजे त्या काळी एखाद्या वस्तीतल्या घराचा महिन्याचा किराणा नव्हे, पण त्याचा बऱ्यापैकी भाग. ही बाई शहरावर भार आहे असं मानणाऱ्यांपुढे आता आकडा होता. तीच शहराला दर महिन्याला देणगी देत होती.

हा आकडा हाती आल्यावर मागण्यांची भाषा बदलली. मेहेरबानी करा असं म्हणण्याऐवजी आमचं देणं द्या, असं बायका म्हणू लागल्या. 2002-03 मध्ये पुणे महापालिकेने नोंदणीकृत वेचकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली. अस्वच्छ व्यवसायातल्या पालकांच्या मुलांना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीत वेचकांच्या मुलांचा समावेश व्हावा म्हणून पंचायत भांडली आणि तो झाला. पंचायतीची पतसंस्था निघाली. वस्तीतल्या सावकाराचं शेकडा दहाचं व्याज ज्यांनी भरलंय त्यांनाच पतसंस्थेचं महत्त्व नीट कळेल. स्वतःचं भंगाराचं दुकानही काढलं, म्हणजे निदान वजनात मार बसू नये.

पण मुख्य संकट यायचं होतं, आणि ते कायद्याच्या रूपाने आलं. 2000 च्या घनकचरा नियमांनी शहरांना सांगितलं की कचरा दारातून उचला, ओला-सुका वेगळा करा, कुंड्या हटवा. पर्यावरणाच्या दृष्टीने हे उत्तमच होतं, पण वेचकांची उपजीविका त्या कुंड्यांवरच होती. कुंडी गेली की माल थेट घरातून कुणाच्या तरी गाडीत जाणार. त्या गाडीचा ठेका ज्याला मिळेल त्याचा माल. कोरेगाव पार्कातला प्रसंग आता अख्ख्या शहराच्या आकाराने समोर होता. पंचायतीने नियमाला विरोध केला नाही. दारातून उचलायचं असेल तर आम्ही उचलू, असं तिचं म्हणणं होतं. प्रायोगिक काम झालं, 2007 मध्ये ‘स्वच्छ’ ही वेचकांचीच सेवा सहकारी संस्था नोंदवली गेली, आणि 2008 मध्ये पुणे महापालिकेने तिच्याशी पाच वर्षांचा करार केला.

करारातलं गणित नीट पाहण्यासारखं आहे. महापालिका बायकांना पगार देत नाही. ढकलगाड्या, बादल्या, हातमोजे, देखरेखीचा खर्च तिच्याकडे. वेचणारीला पैसे देतं ते घर, दर महिन्याला, थेट. सुरुवातीला हा दर घरामागे दहा रुपयांपासून होता, वस्त्यांत कमी ठेवून फरकाचा काही भाग पालिकेने सोसायचा. आणि सुका माल वेचणारीचा. हे शेवटचं वाक्य करारातलं सगळ्यात महागडं आहे. खासगी ठेकेदाराच्या माणसाला मजुरी मिळते, माल ठेकेदाराचा. इथे सेवेचे पैसेही तिचे, मालही तिचा.

दोघी मिळून साधारण दीडशे ते तीनशे घरं करतात. एकजण जिने चढते, दुसरी खाली गाडीजवळ माल लावते. ओला कचरा ठरलेल्या जागी महापालिकेच्या गाडीत जातो. सुका शेडमध्ये नेऊन निवडायचा. पुठ्ठा, पेपर, दुधाच्या पिशव्या, बाटल्या, पत्रा, काच, प्रत्येकाचा भाव वेगळा. वेफरच्या चकचकीत पुड्यांना भावच नाही, त्या उचलायच्या आणि टाकायच्या, म्हणजे फुकटचं ओझं. समजा दोघींकडे 250 घरं आहेत आणि दर 70 रुपये आहे. कागदावर झाले 17,500, एकीच्या वाट्याला 8,750. आता यातून बंद फ्लॅट वजा करा, ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणणारे वजा करा, ‘महापालिकेचा कर भरतो, वर तुम्हाला कशाला’ म्हणणारे वजा करा. उरतं त्यात मालाची भर पडते, आणि मालाचा भाव जगाच्या बाजारावर हलतो. 2008 च्या मंदीत तो कोसळला होता. 2020 च्या टाळेबंदीत बायका काम करत राहिल्या, पण भंगाराची दुकानं बंद, म्हणजे निवडलेला माल शेडमध्ये पडून आणि कमाईचा मोठा हिस्सा गायब. ‘आवश्यक सेवा’ म्हणून टाळ्या वाजवल्या गेल्या त्या दिवसांत हे किती जणांच्या ध्यानात आलं असेल, कुणास ठाऊक.

माझ्या इमारतीत मी वर्षानुवर्षं एक गोष्ट पाहिली. दोन हजारांचं केबल आणि इंटरनेटचं बिल कुणी रखडवत नाही. कचऱ्याच्या पैशासाठी मात्र ताईंना चार वेळा बेल वाजवावी लागते. दार उघडणारी बाईच असते बहुतेक वेळा, हे मला जास्त लागतं.

सॅनिटरी पॅडचं काय, हा प्रश्न मी मुद्दाम वेगळा ठेवला होता. रक्ताने भिजलेलं पॅड वर्तमानपत्रात न गुंडाळता, ओल्या कचऱ्यात मिसळून, ही आपली शहरी सभ्यता. निवडणाऱ्या बाईच्या हाताला ते लागतं. बायकांनी यावर जे केलं ते धिटाईचं होतं. वापरलेली पॅड्स पुडक्यात बांधून बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवली. विल्हेवाटीची जबाबदारी तुमची, असं नियम सांगतो, मग घ्या परत. घरांसाठी सांगणं साधं होतं. पॅड किंवा डायपर कागदात गुंडाळा आणि त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे पुडी न उघडता ओळखू येईल. जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्याही वेचक बायका बनवू लागल्या. आपण तोंडातून ‘पाळी’ हा शब्द काढत नाही तिथे निरक्षर बायकांनी शहरभर त्यावर चर्चा घडवली.

या व्यवस्थेवर आक्षेप आहेत, आणि ते घेणारे सगळे कंत्राटदारांचे मित्र नाहीत. कामगार चळवळीतूनच विचारलं जातं: सफाई हे महापालिकेचं कायमस्वरूपी काम आहे. मग भविष्य निर्वाह निधी, रजा, निवृत्तिवेतन, किमान वेतन यांविना ते सहकारी संस्थेकडून करून घेणं म्हणजे पालिकेची जबाबदारी झटकणं नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. हमालांचंच उदाहरण घ्या. 1969 च्या माथाडी कायद्याने हमालाला एक मालक नसला तरी माल उचलून घेणाऱ्या सगळ्या व्यापाऱ्यांकडून मंडळात पैसे भरून घेतले, त्यातून भविष्यनिधी उभा राहिला. वेचणारीच्या बाबतीत पैसे कुणाकडून घ्यायचे? भंगारवाला म्हणतो मी माल विकत घेतो, ती माझी कामगार नाही. कारखाना तिला ओळखतही नाही. पालिका म्हणते घरं पैसे देतात. घर म्हणतं आम्ही कर भरतो. मालक कुणीच नाही आणि नफा मात्र सगळ्यांना, अशी ही रचना आहे.

तरीही ‘यांना पालिकेत नोकरी द्या’ हे उत्तर मला पटत नाही, आणि याचं कारण पुढचा अनुभव आहे. काम पगाराचं, गाडीचं, गणवेशाचं झालं की शिक्षणाची, वयाची अट येते, चालकाचा परवाना लागतो, आणि वेचणारी बाई बाहेर पडते. तिच्या जागी गाडीवर पुरुष उभा असतो. हे केवळ पुण्यात होतं असं नाही. कैरोमध्ये 2003 मध्ये शहराचा कचरा परदेशी कंपन्यांना दिला गेला. पिढ्यान्‌पिढ्या गोळा करणारे झब्बालीन बाजूला पडले, आणि अरुंद गल्ल्यांत कंपन्यांच्या गाड्या अडकल्या. कोलंबियाच्या राजधानीत, बोगोतामध्ये, घटनात्मक न्यायालयाने 2003 च्या निकालापासून वेचकांची बाजू घेतली, आणि 2013 पासून शहर त्यांना गोळा केलेल्या मालाच्या वजनाप्रमाणे सेवेचे पैसे देऊ लागलं. दोन शहरं, दोन वाटा. आपल्याकडे 2016 च्या घनकचरा नियमांनी ‘अनौपचारिक कचरावेचक’ हा शब्द कायद्यात आणला, त्यांची नोंदणी आणि ओळखपत्र हे शहरांचं कर्तव्य ठरवलं. तो शब्द लिहिला जाण्यामागे पुण्याच्या 1996 च्या कार्डांचा वाटा आहे असं मी मानते.

पुणे बोगोताइतकं पुढे गेलेलं नाही. इथे हक्क करारात आहे, आणि करार संपतो. 2016 मध्ये तो नव्याने झाला आणि 2020 च्या अखेरीस पुन्हा संपला. मग महिनेमहिने मुदतवाढीवर काम चाललं. त्याच काळात घरोघरच्या संकलनासाठी खासगी ठेकेदार आणावेत असा सूर पालिकेत उमटू लागला. तीन हजारांवर बायकांचं काय होणार हे कुणी सांगत नव्हतं. वेचक महापालिकेवर गेल्या त्या ज्या घरांतून कचरा उचलतात तिथल्या लोकांची पाठिंब्याची पत्रं घेऊन. पन्नास-साठ रुपये द्यायला कुरकुरणाऱ्या दारांनीही पत्रं लिहिली होती, हे मला विशेष वाटलं. करार मोडला गेला नाही. पण ज्या बाईने बारा वर्षं एकाच रस्त्याचे जिने चढले तिला दर काही महिन्यांनी आपलं काम उद्या राहील का याची चौकशी करावी लागत असेल, तर त्याला सुरक्षित रोजगार म्हणता येत नाही.

आणि वय थांबत नाही. 1993 च्या परिषदेला पंचविशीत आलेली बाई आज साठीच्या आसपास आहे. गुडघे गेलेत, चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसलेल्या इमारती तिच्याच वाट्याला आहेत. निवृत्तिवेतन नाही. मुलं शिष्यवृत्तीवर शिकली, त्यातली काही दुकानांत, कुरिअरमध्ये, नर्सिंगमध्ये लागली, आणि त्यांनी या कामात यावं असं तिला वाटत नाही. ज्यांची मुलं अडकून पडली त्यांनी आपल्या फेरीतली घरं सुनेला किंवा मुलीला लावून दिली. सकाळी सासू सोबत जाते, कुणाच्या घरी कुत्रं आहे, कोण पैसे पाच तारखेनंतरच देतं, कुठल्या सोसायटीत रखवालदाराशी नमतं घ्यावं लागतं, सगळं दाखवून देते. आठवडाभराने ती खाली गाडीपाशीच थांबते आणि सून एकटी वर जाते. ही अडीचशे घरं तिच्या नावावर कुठेच लिहिलेली नाहीत.